मा. एस यांना अनावृत पत्र

प्रति,
मा. एस,
इंग्रजी वर्णमालेतील एकोणिसावे अक्षर,
मुक्काम : शब्दाचे शेवटचे टोक.

विषय : एकाच वेळी दोन लाभाची पदे भूषवण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण नामाला लागलात की अनेकवचन होते आणि क्रियापदाला लागलात की एकवचन. मैदानात 'बॉय' एकटा असला की आपण 'प्लेज'च्या शेपटाला बसता. पोरांचा घोळका जमला रे जमला, की तिथून उठून 'बॉईज'मध्ये हजर, आणि मागे 'प्ले' बिचारे बोडके. असा कारभार एखाद्या आमदाराने केला असता, तर आतापावेतो कोणीतरी त्याला कोर्टात खेचले असते.

आमची पोरे सरळमार्गी. अनेकवचनाला एस लावायचा, असे बाईंनी सोमवारी शिकवले म्हणून मंगळवारी त्यांनी 'द बॉईज प्लेज' लिहिले. तर्क बिनचूक, तरी वहीत लाल गोल. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हापासून या लाल गोलाची ओळख आणखी लवकर होते.

बरे, आपण तरी लंडनचे भूमिपुत्र कुठे? क्रियापदावरची आपली हजेरी मूळची उत्तर इंग्लंडातली. दक्षिणेत त्या जागेवर 'एथ' नावाचा प्रत्यय बसलेला असे. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलात अजून त्याचेच राज्य आहे : 'हॅथ', 'सेथ'. आपण हळूहळू त्याला हुसकावून लावलेत. परप्रांतातून येऊन खुर्ची पटकावणाऱ्याने पुढे सगळ्यांना शुद्धतेचे धडे द्यावेत, हा प्रकार आम्हाला राजकारणातून चांगला परिचयाचा आहे.

आता कामाचे बोलू. क्रियापदाला लागून तुम्ही नेमके काम तरी काय करता? भूतकाळात 'ही वेंट' आणि 'दे वेंट', दोघेही तुमच्याविना जाऊन आले, कोणाचाही गैरसमज झाला नाही. 'कॅन' आणि 'मस्ट' तुम्हाला दारातही उभे करत नाहीत. खुद्द इंग्लंडात, नॉर्विचकडे, माणसे पिढ्यान्‌पिढ्या 'शी गो' म्हणत आली आहेत. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाने तिथल्या बोलीचा अभ्यास करून ते नोंदवून ठेवले आहे. नामांकडेही तुमचा धाक सारखा नाही. 'न्यूज'मध्ये तुम्ही ठाण मांडून बसलात, तरी पुढे 'इज'च येतो. अमेरिकेच्या १८६५ सालच्या तेराव्या घटनादुरुस्तीत 'युनायटेड स्टेट्स'साठी 'देअर' हे अनेकवचनी सर्वनाम आहे. आज तोच देश, तोच एस आणि क्रियापद मात्र 'इज'. म्हणजे वापरणाऱ्यांनी मनावर घेतले की तुमचा नियम वाकतो. फक्त वाकवणारा वजनदार हवा.

आमच्या साताऱ्याकडच्या पोराचे वजन तेवढे नसते. परवा नोकरीच्या एका मुलाखतीत तो 'माय फादर ड्राइव्ह ट्रॅक्टर' म्हणाला. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले, एकाने कागदावर काहीतरी खरडले. मुलाखत तिथेच संपली होती, पुढची दहा मिनिटे निव्वळ उपचार. बाहेर येऊन तो मित्राला सांगत होता : 'वडिलांनी म्हैस विकली, ट्रॅक्टर घेतला, पोरं शिकवली.' महोदय, नीट ऐका. कर्ता एकच, वडील. पण त्यांना 'नी' लागल्याबरोबर क्रियापदाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. म्हशीशी स्त्रीलिंगी झाले, ट्रॅक्टरशी पुल्लिंगी, पोरांशी नपुंसकलिंगी अनेकवचनी, आणि तेही एका दमात. हे गणित ज्याच्या जिभेवर झोपेतही सुटते, त्याला वचन कळत नाही, असा शेरा पडला. कशावरून? तर तुम्ही एका जागी गैरहजर होतात.

म्हणून ही मागणी. नामावरची नोकरी ठेवा, क्रियापदावरचीही ठेवा. थर्ड पर्सन सिंग्युलरचा नियम आम्ही घोकू, चुकलो तर परीक्षेत खुशाल मार्क कापा. फक्त मुलाखतीच्या दारात माणसाची अक्कल मोजण्याची जी तिसरी नोकरी तुम्हाला मिळाली आहे, तिचा राजीनामा द्या. त्या पदाला लागणारी पात्रता तुमच्याकडे नाही.

कळावे,
आपला,
प्रथमपुरुषी एकवचनी
(एकटा असूनही ज्याच्या क्रियापदाला आपण कधी लागला नाहीत)