बावन्न आठवड्यांचा आशावाद

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या जागतिक क्रमवारीत २०० ते ३०० या क्रमांकांच्या दरम्यान एक वर्ग कायमची वस्ती करून असतो. त्याच्या प्रतिनिधींची नावे क्रीडा पानांवर क्वचितच झळकतात, परंतु त्यांच्यावाचून मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या भरणार नाहीत. या वर्गातील नमुनेदार खेळाडू अठ्ठावीस वर्षांचा असतो, त्याच्या सर्व्हिसची सर्वजण स्तुती करतात व बॅकहँडविषयी सौजन्यपूर्ण मौन पाळतात, आणि ‘हे वर्ष निर्णायक आहे’ असे तो दर जानेवारीत सारख्याच गांभीर्याने सांगतो. टेनिस हे त्याच्या उपजीविकेचे साधन असले, तरी त्याच्या बुद्धीचा मोठा वाटा वेळापत्रक, फॉर्म आणि वाइल्ड कार्ड या तीन विषयांच्या चिंतनातच खर्ची पडतो.

यांपैकी वेळापत्रक हा विषय सर्वांत गहन होय. १९७३ मध्ये सुरू झालेली संगणकीय क्रमवारी मागील ५२ आठवड्यांतील कामगिरीवर बेतलेली असते, त्यामुळे गतवर्षी एखाद्या आठवड्यात मिळवलेले गुण यंदा त्याच सुमारास गळून पडतात आणि तेवढेच गुण पुन्हा मिळवणे, म्हणजेच खेळाडूंच्या भाषेत ते ‘डिफेंड’ करणे, भाग पडते. ज्याने आयुष्यात एकही विजेतेपद राखलेले नाही असा हा गृहस्थ त्यामुळे बारमाही काही ना काही राखण्याच्या विवंचनेत असतो. मुख्य दौऱ्याखालची पायरी म्हणजे चॅलेंजर स्पर्धा आणि तिच्याही खाली एकूण ३०,००० किंवा १५,००० डॉलर बक्षिसाच्या स्पर्धा, ज्या ट्युनिशियातील मोनास्तिर किंवा तुर्कस्तानातील अंताल्या अशा ठिकाणी आठवड्यामागून आठवडे भरतात, आणि ज्यांतील सर्वांत लहान स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती जेमतेम दीडशे डॉलर पडतात. लग्नाचा मुहूर्त काढणाऱ्या भटजींच्या तन्मयतेने तो कोर्टचा पृष्ठभाग, समुद्रसपाटीपासूनची उंची, चेंडूची जात आणि प्रवेश घेतलेल्यांची यादी यांचा मेळ घालून, जेव्हा बलवान खेळाडू अन्यत्र गुंतलेले असतील असा ‘हलका’ आठवडा शोधून काढतो. दुर्दैवाने तोच आठवडा इतर दीडशे जणांनी त्याच पद्धतीने शोधून काढलेला असतो.

दुसरा विषय फॉर्मचा. या बाबतीत त्याची भूमिका अशी, की सूर हरपलेला नसून गवसण्याच्या बेतात आहे, आणि हा बेत अनेक हंगाम टिकून राहू शकतो. पराभवांचे त्याने केलेले वर्गीकरण सूक्ष्म असते: टायब्रेकमध्ये गमावलेला सामना हा वस्तुतः अर्धा विजय मानला जातो, पुढे स्पर्धा जिंकणाऱ्याकडून झालेली हार ही अंतिम फेरी लवकर खेळल्याचे लक्षण ठरते, आणि सरळ दोन सेटमध्ये पन्नास मिनिटांत झालेली हार ही रॅकेटच्या तारांचा ताण बदलल्याचा परिणाम असते. त्याचे आराध्यदैवत म्हणजे अमेरिकेचा व्हिन्स स्पेडिया, जो १९९९-२००० या काळात ओळीने २१ सामने हरला, २००० च्या विम्बल्डनमध्ये ग्रेग रुसेड्स्कीला हरवून त्या मालिकेतून सुटला आणि २००५ मध्ये जगातील १८ व्या क्रमांकावर पोहोचला. या इतिहासावरून आपला खेळाडू असा निष्कर्ष काढतो, की सलग पराभव ही अठराव्या क्रमांकाची पूर्वतयारी असते. त्याची स्वतःची मालिका अजून नवापर्यंतच आल्याने घाई करण्याचे कारण त्याला दिसत नाही.

तिसरा विषय वाइल्ड कार्डचा, म्हणजे क्रमवारी अपुरी असतानाही आयोजकांच्या मर्जीने मिळणाऱ्या प्रवेशाचा. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीतील १२८ जागांपैकी सर्वसाधारणपणे १०४ क्रमवारीनुसार, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डने भरल्या जातात. ही कार्डे बहुधा उगवत्या मुलांना, परतणाऱ्या दिग्गजांना आणि यजमान देशाच्या नागरिकांना मिळतात. पुण्याच्या बालेवाडीत २०२३ मध्ये झालेल्या महाराष्ट्र ओपनमध्ये पंधरा वर्षांच्या मानस धामणेला ते मिळाले, तर २००१ मध्ये १२५ व्या क्रमांकावर घसरलेल्या गोरान इव्हानिसेविचला विम्बल्डनने ते दिले, कारण तो तेथे तीनदा उपविजेता ठरला होता, आणि त्याने चक्क विजेतेपद पटकावले. आपल्या खेळाडूची अडचण अशी, की भविष्य म्हणवून घेण्याइतका तो कोवळा नसतो, इतिहास म्हणवून घेण्याइतका थोर नसतो, आणि त्याच्या मायदेशात ग्रँड स्लॅम भरत नाही. फ्रान्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या टेनिस संघटना तर आपसांत कार्डांची देवाणघेवाणही करतात, हे कळल्यापासून जन्मस्थळाची निवड ही आपल्या कारकिर्दीतील पहिली धोरणात्मक चूक होती, असे त्याचे ठाम मत झालेले असते. तथापि तो अर्ज करतो, अर्जात कुमारवयातील क्रमांकाचा आणि एका नामवंताकडून जिंकलेल्या एका सेटचा उल्लेख करतो, नकार आल्यास वाइल्ड कार्ड ही पद्धतच अन्यायकारक असल्याचे प्रतिपादन करतो, आणि होकार आल्यास आयोजकांच्या दूरदृष्टीचे कौतुक करतो.

या आशावादाला हसणाऱ्यांनी थोडे गणितही पाहावे. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ६६,००० पौंड मिळाले, म्हणजे मोनास्तिरसारख्या ठिकाणी वर्षभर जिंकूनही जे साधत नाही, ते मुख्य फेरीत एकदा हरून साधते. शिवाय पात्रता फेरीत हरूनही, कोणी ऐनवेळी माघार घेतल्यास ज्याला जागा मिळते तो ‘लकी लूझर’ होण्याची शक्यता उरतेच. २०१८ च्या फ्रेंच ओपनमध्ये अशी जागा रिकामी झाली तेव्हा रांगेत पुढे असलेला भारताचा प्रज्ञेश गुणेश्वरन इटलीतील विचेंझाच्या चॅलेंजर स्पर्धेसाठी निघून गेला होता. म्हणून संधी अर्जेंटिनाच्या मार्को त्रुंगेलीतीकडे आली, जो स्वतःही बार्सिलोनाला परतला होता, परंतु आजी, आई आणि भाऊ यांना भाड्याच्या मोटारीत घालून सुमारे हजार किलोमीटर अंतर कापत तो पॅरिसला पोहोचला, आणि त्याने बर्नार्ड टॉमिकला हरवले. या घटनेचा अभ्यास आपल्या खेळाडूने इतक्या बारकाईने केलेला असतो, की तो आता परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढतो. हरल्यावर लवकर निघता यावे म्हणून, असे त्याचे सहकारी म्हणतात, आणि मुक्काम वाढवावा लागेल म्हणून, असे तो स्वतः म्हणतो, मात्र त्या सोयीचे जादा पैसे तो दर आठवड्याला न चुकता भरतो.