पीळ

बोल्टच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचे मिस्त्रीने साठ रुपये घेतले आणि सल्ला फुकट दिला. "काका, ह्यातनं आता लॉकिंग वायर ओवायची, पीळ मारायचा, मग खुशाल महाबळेश्वरला जावा."

मला महाबळेश्वरला जायचं नव्हतं. वाईला जायचं होतं, मामाकडे, आणि तेही महिनाभरापूर्वी. खंबाटकी घाट चढताना माझ्या जुन्या टू-स्ट्रोकने गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट कुठेतरी टाकून दिला. (गाडीची कंपनी सांगत नाही. दोष तिचा नव्हताच, आदल्या रविवारी पाना माझ्या हातात होता.) मागच्या टेम्पोवाल्याने "तेल गळतंय" म्हणून ओरडून सांगितलं, तोवर गळण्यासारखं काही शिल्लक राहिलं नव्हतं. गाडी टेम्पोत आणि मी टेम्पोवाल्याशेजारी, अशी आमची वरात स्वारगेटला परत आली.

मामाला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याने गाडीची चौकशी केली, माझी नाही. मामा ओझरला एचएएलमध्ये होता. मिग विमानं बांधण्यासाठी तो कारखाना १९६४ साली निघाला. मामा तिथे बराच नंतर लागला, पण बोलतो असा की पायाच्या विटा त्यानेच वाहिल्या. २०२५च्या सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसला होता. तर मामा म्हणाला, "बोल्ट कितीही आवळ, थरथरीने तो सुटायला बघणारच. त्याला बांधून ठेवावा लागतो."

बांधून म्हणजे अक्षरशः बांधून. बोल्टच्या डोक्यातून स्टेनलेसची बारीक तार घालायची, तिची दोन टोकं एकमेकांभोवती पिळत न्यायची आणि शेजारच्या बोल्टला किंवा केसिंगच्या एखाद्या कानाला अडकवायची. बोल्ट सैल व्हायला निघाला की तार ताणते आणि त्याला परत घट्ट व्हायच्या दिशेला ओढते. रेसच्या गाड्यांना तर तपासणीत हे बघतातच, कारण एकाच्या गाडीचं तेल ट्रॅकवर सांडलं की मागचे चारजण आडवे होतात.

हा पीळ घालायला खास पक्कड असते, तिला दुकानात ट्विस्टर म्हणतात. दिसायला साधी पक्कडच, पण दोन दांड्यांच्या मधून एक पीळदार सळई मागे निघते आणि तिच्या टोकाला बोंड असतं. तारेची टोकं तोंडात धरायची, दांड्या मिटून खिट्टी लावायची आणि बोंड मागे ओढायचं. अख्खी पक्कड जागच्या जागी गरागरा फिरते. आजीची ताकातली रवी एका दोरीवर आलटूनपालटून फिरायची, तशातलाच हा प्रकार.

स्वारगेटजवळच्या दुकानात शेटजींनी काचेवर दोन ठेवल्या. एक साडेसातशेची. तिच्यावर देशाचं नाव नव्हतं, कंपनीचंही नव्हतं, फक्त 'हेवी ड्यूटी' लिहिलं होतं. दुसरी आठ हजार चारशेची. ही त्यांनी पिवळ्या फडक्यातून काढली. मी स्वस्तातलीचं बोंड ओढलं. ती फिरली, पण डबक्यात चाललेल्या रिक्षासारखी हेलकावे खात. महागडीचं ओढलं. ती फिरली आणि थांबली, मध्ये काही घडलं असं वाटलंच नाही. मी पुन्हा ओढलं. मग पुन्हा.

शेटजी बघत होते. म्हणाले, "बोल्ट किती आहेत?"

"तीन."

त्यांनी काही न बोलता महागडी फडक्यात गुंडाळली आणि खणात ठेवली.

मी विचार करून येतो म्हणालो आणि जेधे चौकाकडे चालायला लागलो. हिशेब सोपा होता. महागडी घेतली तर एका बोल्टमागे दोन हजार आठशे पडतात, स्वस्तातली घेतली तर अडीचशे. तारेचं रीळ वेगळं. पुण्यात वाढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पण बोटं ऐकत नव्हती, ती हवेतच बोंड ओढत होती.

आणि महाग म्हणजे नुसती चकाकी नव्हे. महागडीच्या जबड्याचे दात असे कातलेले असतात की तार घट्ट धरतात, पण तिला चावत नाहीत. ०.८ मिलिमीटरच्या तारेवर एवढासा ओरखडा उठला तरी ती पुढे नेमकी तिथेच तुटते. पिळाचंही माप आहे. ह्या जाडीच्या तारेला इंचाला सहा ते आठ वेढे. कमी पडले तर तार लुळी राहते, जास्त झाले तर पोलाद कडक होऊन कडकन मोडतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पिळानेच सुंभ जातो.

उलट बाजूही डोळ्यांसमोर होती. स्वारगेटला भुयारी मेट्रोचं स्टेशन बांधत होते तेव्हा (२०२४च्या सप्टेंबरात गाड्या सुरू झाल्या) मी पत्र्याच्या फटीतून सळ्या बांधणारी माणसं बघायचो. हातात एक वाकडा आकडा. बाइंडिंग तार दुमडायची, सळ्यांच्या चौफुलीखालून घ्यायची, आकडा घालून मनगटाचे तीन झटके, की पुढची गाठ. त्या आकड्याची किंमत चहा-बिस्किटाएवढी असेल. आज त्या गाठी काँक्रीटच्या पोटात आहेत आणि त्यांच्या भरवशावर मी जमिनीखालून मंडईला जातो. त्यांना कोणी विचारलं नव्हतं की दात चावतात का.

शिवाय हत्यार घरात आलं की शेजारी येतो, हा प्रश्न होताच. आमच्या मजल्यावर माझी ड्रिल मशीन दिवाळीपासून फिरतीवर आहे. साडेसातशेची पक्कड मी हसत देईन. आठ हजारांची देताना हसू येणार नाही, आणि शेजाऱ्याला ते दिसेल.

साडेसातशेची घेतली. शेटजींनी कागदात बांधताना "चांगलं केलंत" म्हटलं, ते मला थोडं लागलं.

पहिला बोल्ट झकास झाला. दुसऱ्याला खिट्टी एकदा निसटली. तिसऱ्याला तिने मधेच तोंड उघडलं, तार सुटून अंगठ्यात घुसली, आणि तोंडातल्या कटरने उरलेलं टोक कापलं नाही, बोळक्या म्हाताऱ्यासारखं चघळलं. शेवटचे वेढे साध्या पकडीने मारले. पण काम देखणं झालं होतं. मी फोटो काढून मामाला पाठवला. त्याने उत्तर दिलं नाही, गुरुवारच्या एसटीने येतोय एवढं कळवलं.

गुरुवारी दीडच्या सुमाराला मामा स्वारगेट स्टँडवर उतरला. हातात हळदीची पिशवी. मी नमस्काराला वाकणार तोच तो माझ्याआधी वाकला, गाडीसमोर उकिडवा बसला आणि मान तिरकी करून इंजिनखाली बघायला लागला. पाठीमागून कोल्हापूरची गाडी हॉर्न देत होती.

"उलटी बांधलीस."

"म्हणजे?"

"तार डोक्याच्या ह्या अंगाने आणलीस. ताणली की बोल्ट सुटायला मदत करेल." त्याने हात पुढे केला. मी डिकीतून ट्विस्टर दिला. त्याने बोंड एकदा ओढलं, कानाशी धरलं, काही न बोलता परत दिला आणि टूलकिटमधली गंजकी पक्कड घेतली. जुन्या तारा कापल्या. नवी तार ओवून, डोक्याच्या दुसऱ्या अंगाने घेऊन, ओठांत वेढे मोजत हाताने पिळली. टोक वळवून आत दाबलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. मग जमिनीवरचे तारेचे तुकडे वेचले, दोनदा मोजले आणि शर्टच्या खिशात टाकले. स्टँडच्या त्या धुळीत कुठलं जेट इंजिन ते तुकडे गिळणार होतं कुणास ठाऊक.

उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "फोटोत दिसलं होतं, म्हणून आलो."

आम्ही स्टँडबाहेर उसाचा रस घेतला. मला वाटलं विषय संपला. अर्धा ग्लास झाल्यावर मामाने विचारलं, "दुसरी कितीची होती म्हणालास?"

"आठ हजार चारशे."

"ओढून बघितलीस?"

"तीनदा."

"कशी फिरते?"

मी सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. नुसता हात मागे ओढून दाखवला. मामाने ग्लास खाली ठेवला आणि घड्याळ बघितलं.

"आत्ता बंद असेल," मी म्हणालो, "चारला उघडतं."

"थांबू की मग," मामा म्हणाला आणि त्याने आणखी दोन रस सांगितले.