गळ टाकण्यापूर्वी

हौसेची मासेमारी हा बैठा छंद आहे, अशी होतकरूंची समजूत असते. प्रत्यक्षात पहिला महिना हिंडण्यात जातो, आणि तोही पाण्यापासून बराच लांब.

पुणेकराला सर्वांत जवळचं पाणी मुळा-मुठेचं. साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या महासीराचं शास्त्रीय वर्णन केलं, ते याच नदीतल्या माशांवरून. आज इथे गळ टाकलात तर परवाना कुणी विचारणार नाही. मात्र गळाला जलपर्णी लागते, आणि ती काढण्याचं टेंडर निघत असल्याने हौसेखातर काढत बसू नये.

तेव्हा धरण गाठावं. खडकवासल्याच्या एका काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. त्या बाजूला काठी-दोरी घेऊन तासन्‌तास पाण्याकडे बघत बसलेल्या माणसाने आपण चिलापीसाठी आलोय, हे कुणाला पटवून द्यायच्या भानगडीत पडू नये. दुसरा काठ निवडावा.

आता परवाना. राज्यातल्या बहुतेक धरणांत पाणी जलसंपदा विभागाचं असतं. मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला. बीज संस्था सोडते, म्हणून मासेही तिचे. काठावर झाडी दिसली तर ती वन विभागाची असू शकते, आणि अभयारण्य निघालं तर दोरी गुंडाळून घरी यावं. थोडक्यात, पाणी एकाचं, मासे दुसऱ्याचे, काठ तिसऱ्याचा. गांडूळ तेवढं तुमचं.

मी एका कार्यालयात रीतसर अर्ज घेऊन गेलो होतो. साहेबांनी विचारलं, ''धंदा कोणता?'' म्हटलं, धंदा नाही, हौस. त्यांनी अर्ज उलटा करून मागची बाजूही पाहिली. ''हौसेचा रकाना नाहीये हो यात. सोमवारी या.'' असे चार सोमवार मी बाकावर बसलो. आमिष लावायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, दोरी किंचित थरथरली की श्वास रोखायचा, हे सारं शिक्षण माझं तिथे झालं.

मुंबईकरांचं बरं आहे. 1891 साली पुरा झालेला पवई तलाव पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पाणी पिण्याजोगं निघालं नाही, आणि गळवाल्यांचं फावलं. तिथे त्यांची संघटना आहे, सभासदत्व आहे. तलावात मगरीही आहेत. त्या वर्गणी न भरता मासे खातात.

मासे नेमके कुणाचे हे एका वाक्यात कळावं, अशी जागा मला एकच सापडली, महाडजवळची वाळण कोंड. तिथले महासीर वरदायिनी देवीचे. लोक त्यांना खाऊ घालतात, धरत नाहीत. गळ गाडीतच ठेवावा.

काळवेळही पाहावी. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते. ती तुमच्या काठीला लागू नाही म्हणून नदीकाठी खूश होऊ नये; चढणीचे मासे त्याच दिवसांत अंड्यांनी भरलेले असतात, त्यांना जाऊ द्यावं. सुरुंग आणि विष यांना 1897 च्या कायद्यापासूनच मनाई आहे. रोहू-कटल्यासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळावी. घरी कणीक कशाला हवी ते सांगू नये.

शेवटी मी सरळ धरणावर गेलो आणि संस्थेची होडी लागते तिथे बसलेल्या काकांना विचारलं, ''गळ टाकू का?'' म्हणाले, ''टाका की. जाताना पावती घ्या.'' पाचव्या सोमवारचं काम पाच शब्दांत झालं! दिवसभर बसलो. पेंडेची कणीक संपली, सावली सरकून पाण्यात गेली. संध्याकाळी मी पाकीट काढलं, काकांनी पावतीपुस्तक उघडून कार्बन सरळ केला.

''किती धरले?''

''एकही नाही.''

त्यांनी पुस्तक मिटलं. ''मग पावती कशाची फाडू?''