शनिवारची डॉक्टरीणबाई

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठाच्या गावात सप्टेंबर उजाडला की ही मुलगी दिसू लागते. अंगात मुलाखतीचा नेव्ही ब्लू ब्लेझर, ब्लेझरच्या आत मित्राच्या नंबराची जर्सी आणि खांद्याला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. स्टेडियममध्ये दुसरी पिशवी आत सोडत नाहीत, त्यामुळे बाईसाहेबांचा अख्खा संसार चारचौघांना दिसतो. हात शेकायच्या पुड्या, गालावर चिकटवायचा आकडा, थोडे बदाम आणि ‘मला डॉक्टरच का व्हायचंय’ या विषयावरचे घडी घातलेले कागद. तिला मेडिकलला जायचंय. तिचा मित्र कॉलेजच्या टीमकडून फुटबॉल खेळतो. आणि दोघांचे हंगाम कुणा दुष्टाने नेमके एकाच वेळी ठेवलेत.

माझी सख्खी भाची याच जमातीतली असल्यामुळे मला हा नमुना जवळून पाहायला मिळाला. आम्ही राहतो त्याच गावात ती शिकते. जेवण, कपडे धुणं आणि डोकं खाणं या तिन्ही कामांसाठी ती आमच्याकडे येते.

इकडे बारावीनंतर मेडिकल नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची साडेसात तास बसवून ठेवणारी परीक्षा. तिचे गुण ४७२ पासून सुरू होतात आणि ५२८ला संपतात. शून्याऐवजी ४७२ का, हे ज्याला कळलं त्याला खरं तर परीक्षेविनाच प्रवेश द्यायला हवा. त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर एक मुख्य अर्ज, जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध आणि त्या प्रत्येकाची वेगळी फी. मग मुलाखती. त्या तशा फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात, पण जागा जसजशा भरत जातात तसतशा कमी होतात. होकार कळवायला कॉलेजं १५ ऑक्टोबरपासून मोकळी होतात. तेव्हा शहाणा उमेदवार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मुलाखती उरकायला बघतो. आणि सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, एखाददुसरा शनिवार सोडला तर, दर शनिवारी मॅच. एकूण बारा.

“अगं, पण मुलाखती सोमवार ते शुक्रवार आणि मॅच शनिवारी. मग अडलं कुठे?” मी एकदा भाबडेपणाने विचारलं.

“मामा, तुला ना, काहीच कळत नाही.”

नंतर कळत गेलं. मॅच शनिवारी आहे हे वर्षभर आधी ठरतं, पण किती वाजता ते टीव्हीवाले ठरवतात. दुपारी बारा, साडेतीन की रात्री साडेसात, हा निकाल बऱ्याच मॅचेसच्या बाबतीत बारा दिवस आधी लागतो आणि मनात आलं तर सहाच दिवस आधी. उलट मुलाखतीचं बोलावणं ईमेलने येतं, त्यात दहा-बारा तारखा असतात, आणि जो आधी टिचकी मारेल त्याची तारीख. म्हणजे एकीकडे वेळच कळत नाही आणि दुसरीकडे विचार करायला वेळच नाही. एका रविवारी ही आमच्याकडे दहीभात कालवत बसली होती. फोन किणकिणला. उजवा हात दह्यात बरबटलेला, तशी डाव्या हाताच्या अंगठ्याने तिने गुरुवार सकाळची जागा पकडली, मग उरलेला भात शांतपणे संपवला आणि ताटावरून उठताना म्हणाली, “पण त्या शुक्रवारी मला सात तास गाडी चालवावी लागणार.” मॅच परगावी होती. आमच्या हिने विचारलं, “मग नाही गेलीस तर?” तिने मामीकडे असं पाहिलं की जणू हिने ऑपरेशन अर्धवट सोडून घरी जायला सांगितलंय.

एवढी धावपळ पाहून कुणाला वाटेल की मुलगा टीमचा कप्तान असेल, वर्तमानपत्रात फोटो येत असतील. छे! तो लाँग स्नॅपर आहे. हे पद मला समजावून घ्यायला एक अख्खा हंगाम लागला. हा गडी कमरेत वाकतो, स्वतःच्या दोन पायांमधून उलटं जग बघतो आणि पंधरा यार्ड मागे उभ्या असलेल्या पंटरच्या, म्हणजे चेंडू लाथाडणाऱ्याच्या, हातात चेंडू भिरकावतो. पाऊण सेकंदाचं काम. ते झालं की मैदानाबाहेर. चेंडू नीट गेला तर त्याचं नाव कुणी घेत नाही. स्टेडियमच्या भोंग्यावर त्याचं नाव ऐकू आलं तर समजायचं की घोटाळा झालाय.

आता यातली खरी गंमत बघा. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथ्याला बहुधा चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देऊन टाकतात, आणि त्यासाठी हा स्नॅपर मैदानात येतो. म्हणजे आपली टीम गचकल्याशिवाय याचा नंबर लागत नाही. त्यामुळे सत्तर-ऐंशी हजार माणसं कपाळाला हात लावून मटकन खाली बसतात, त्याच क्षणी आमची भाची ताडकन उठते. डोळ्यांत पाणी, हात जोडलेले. पाऊण सेकंदाने “येस!” म्हणून किंचाळते. पुढच्या रांगेतले एक आजोबा आयुष्यभर त्या टीमचे भक्त. त्यांनी वळून तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त मयताला हसणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेली पाहिली आहे.

ती बसते खेळाडूंच्या आयांमध्ये. या आया छातीवर आपापल्या मुलाच्या फोटोचा भलामोठा बिल्ला लावतात आणि नोव्हेंबरच्या थंडीत गोधड्या पांघरून बसतात. मैदानावर कुणी आडवा झाला की सगळे बिल्ले एकदम हिच्याकडे वळतात. “गुडघा की घोटा?” ही डोळे बारीक करून सांगते, “बहुतेक घोटा. पाय टेकवतोय, लिगामेंट शाबूत असावं.” आया सुस्कारा सोडतात. अजून एकाही मेडिकल कॉलेजने तिला घेतलेलं नव्हतं, पण स्टेडियमच्या त्या कोपऱ्यात तिची प्रॅक्टिस जोरात होती. स्वतःच्या माणसाच्या बाबतीत मात्र हे विज्ञान पार कोलमडतं. वाकलेल्या स्नॅपरला समोरून येणारा दिसत नाही, म्हणून चेंडू सुटल्यावर एक सेकंद त्याला थेट भिडायचं नाही असा नियम आहे. हा नियम ती पंचांपेक्षा कडक पाळते. त्या एका सेकंदात ती श्वास घेत नाही, हे मी शेजारी बसून पाहिलंय.

डोक्याला बसणाऱ्या माराबद्दल तिला मुलाखतीतही विचारलं होतं. डॉक्टर होऊ पाहणारी मुलगी या खेळाला टाळ्या कशा वाजवते? उत्तर तिने आधीच तयार ठेवलं होतं आणि ते चांगलंही होतं. मी तळघराच्या जिन्यावर उभा राहून ऐकलं. त्या रात्री ती उशिरापर्यंत त्याच्याशी फोनवर बोलत होती. फुटबॉलबद्दल नाही, दुसऱ्याच कशाकशाबद्दल.

तळघराचं सांगायचं राहिलं. कोविडपासून बऱ्याच कॉलेजांच्या मुलाखती झूमवर होतात. तिच्या खोलीशेजारी दर शुक्रवारी दुपारपासूनच शनिवार सुरू होत असल्यामुळे मुलाखतींचं ठाणं आमच्या तळघरात पडलं. मागे दिसायला पुस्तकं हवीत म्हणून माझी सगळी दिवाळी अंकांची चळत तिने फडताळात रचली, कणे भिंतीकडे करून. काही कॉलेजं एमएमआय नावाचा प्रकार घेतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने तो सुरू केला. प्रश्न वाचायला साधारण दोन मिनिटं, बोलायला आठेक मिनिटं, की पुढचा परीक्षक, पुढचं धर्मसंकट. व्हेंटिलेटर एक, रुग्ण दोन. सहकारी दारू पिऊन कामावर आला, काय कराल? हिची सगळी उत्तरं फिरून फिरून चौथ्या संधीपाशी येत. “टीममध्ये काम केल्याचा अनुभव सांगा,” असं म्हटलं की मेलीच्या तोंडून स्नॅपर निघायचाच. संशोधन केलंय, धर्मादाय दवाखान्यात दोन वर्षं दुभाष्याचं काम केलंय, ते सगळं राहिलं बाजूला. आणि परीक्षकही त्याच मातीतले. वीस मिनिटं क्वार्टरबॅकच्या खांद्यावर चर्चा आणि शेवटच्या दोन मिनिटांत, “बरं, मेडिसिन का?”

आयोवा सिटीच्या मॅचला मीही तिच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या किनिक स्टेडियमला अगदी लागून विद्यापीठाचं बालरुग्णालय आहे, आणि वरच्या मजल्यांवरून मैदान दिसतं. २०१७ पासून तिथे एक प्रथा पडली आहे. पहिलं क्वार्टर संपलं की सगळं स्टेडियम, दोन्ही टीमचे खेळाडू आणि पंचसुद्धा, रुग्णालयाकडे वळून हात हलवतात. काचेमागून लहान मुलं हात हलवतात. माझ्यासारख्या निगरगट्ट माणसाच्याही घशात काहीतरी अडकलं. भाचीनेही दोन्ही हात हलवले, रुमाल डोळ्याला लावला. अर्ध्या मिनिटाने तिचा चेहरा मात्र बदलला. ओठ पुटपुटायला लागले. मी ओळखलं, ‘मेडिसिन का?’च्या उत्तराला नवा शेवट मिळाला होता. मी काही बोललो नाही. पण तीच म्हणाली, “नको, मामा. हे सगळेच वापरत असतील,” आणि दुसऱ्या क्वार्टरकडे वळली. तेवढ्यापुरता मला तिचा फार अभिमान वाटला.

या सगळ्याला विरोध एकच, आमच्या ताईचा. ताई न्यू जर्सीत, एडिसनला. “तिचं लक्ष उडालंय. तिच्या त्याच्यापायी हातातलं मेडिकल जाईल,” हे ती मला रोज फोनवर ऐकवायची. ‘तिचा तो’ यापलीकडे त्याला आमच्या घरात नातं मिळालेलं नव्हतं. कॉलेज फुटबॉलची पहिली मॅच १८६९ साली एडिसनच्या शेजारी न्यू ब्रन्सविकला झाली, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात. इतकी वर्षं त्या पंढरीच्या वेशीवर राहून ताईने एकदाही दर्शन घेतलं नव्हतं. पण तिच्या त्याची टीम ज्यात खेळते ती बिग टेन ही आता अठरा टीमची, पार लॉस एंजेलिसपर्यंत पसरलेली संघटना झाल्यामुळे आणि रटगर्सही तिच्यात असल्यामुळे यंदा ती टीम थेट ताईच्या दारात आली. ताई गेली, ती खरं तर ‘एकदा काय ते बोलून टाकते’ म्हणून. डब्यात थालीपीठं घेऊन. पहिल्या क्वार्टरमध्ये तिचा फोन, “अरे, हा कधी खेळायला येतो?” दुसऱ्यात, “आला, आला! वाकलाय.” तिसऱ्यात फोनच नाही. रात्री सावकाश म्हणाली, “कामाचा आहे रे मुलगा. पाऊण सेकंदात काम आणि तोंडातून शब्द नाही. आपल्यात असा एक तरी आहे का?” मी विषय बदलला.

डिसेंबरात बाजू उलटली. मुख्य मॅचेस संपल्या, तिच्या मात्र तीन मुलाखती राहिल्या होत्या. आता मदत करायची पाळी त्याची. फुटबॉलवाल्यांना एकच पद्धत माहीत. झालेल्या खेळाची फिल्म लावायची आणि सेकंदा-सेकंदाला थांबवून चुका काढायच्या. त्याने तिच्या सरावाच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग आमच्या टीव्हीवर लावलं, हातात रिमोट, मांडीवर वही. “इथे थांबू या. बघ, प्रश्न संपायच्या आधीच तुझा खांदा पुढे येतोय. घाईत आहेस हे समोरच्याला कळतं.” मागे, पुढे, परत मागे. “आणि इथे माझं नाव घेतलंस. नको घेऊस. दवाखान्यातल्या त्या आजींचं सांग.” ती संतापून स्वयंपाकघरात आली. “मामी, हा माझा कोच आहे का?”

“चुकीचं सांगतोय का तो?” हिने कणीक मळता मळता विचारलं.

“तोच तर त्रास आहे!”

पुढच्या मुलाखतीत स्नॅपर निघाला नाही. त्या कॉलेजने आठवड्याभरात होकार कळवला. त्यानंतरच्या एका कॉलेजने मात्र प्रतीक्षायादीत टाकलं, आणि त्यामागे एक कथा आहे. मुलाखतीच्या शेवटी “तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?” असं म्हणतात. तिथे उमेदवाराने अभ्यासक्रम, संशोधन असलं काहीतरी विचारायचं असतं. हिच्या मित्राचं टीममध्ये अजून एक वर्ष शिल्लक. हिने विचारलं, “पहिल्या वर्षाच्या परीक्षा कोणत्या वारी असतात?” पलीकडचे वयस्क सर्जन हसले. “कुठली टीम?” हिने सांगितली. त्यांचं हसू तिथल्या तिथे गोठलं, कारण पडद्यावर त्यांच्यामागे जो झेंडा होता तो कट्टर वैऱ्यांचा होता.

प्रतीक्षायादीशी याचा काही संबंध नाही, असं मी ताईला परोपरीने समजावलं. समितीत खूप लोक असतात, एकाच्या मतावर काही ठरत नाही. ताई ऐकेना.

“मला नको सांगूस. रडीचा डाव आहे हा. नोव्हेंबरात आपण त्यांना कितीने हाणलं, ते विचार म्हणावं एकदा त्या सर्जनला!”