१४,५०० पौंडांचा संसार

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, याबद्दल न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी वर्तुळात दोनच मान्यताप्राप्त मतं आहेत. एक, नातवंडं सांभाळावीत. दोन, फ्लोरिडात घर घ्यावं. आम्ही एडिसनचं चार बेडरूमचं घर विकलं आणि तीस फुटी आरव्ही घेतली. पुढे ट्रकचं तोंड आणि मागे स्वयंपाकघर, संडास, पलंग वगैरे पूर्ण बिऱ्हाड, असं हे वाहन. आता कायम यातच राहायचं आणि अमेरिकाभर हिंडायचं, असं आम्ही जाहीर केलं. मंडळाच्या गणपतीत ही बातमी फुटली तेव्हा एका मित्राने मला चपलांच्या ढिगापाशी ओढून हळूच विचारलं, "काही आर्थिक अडचण आहे का?" दुसरा म्हणाला, "अख्खी तरुणाई एसटीतून सुटका करून घेण्यात गेली, आणि म्हातारपणी एसटीतच राहायला चाललास?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि आसपास तयार होतात. आम्ही मात्र व्हर्जिनियातल्या विक्रेत्याकडून घेतली, कारण तो दोन हजार डॉलर कमी सांगत होता. हे दोन हजार पुढे कुठे कुठे गेले याचा हिशेब बायकोने ठेवला आहे. मी तो पाहत नाही.

ताबा देताना विक्रेत्याचा एक पोरगेलासा तंत्रज्ञ गाडी समजावून सांगतो. पाण्याच्या तीन टाक्या, दोन प्रकारची वीज, प्रोपेन, जनरेटर, भिंतीसकट बाहेर सरकणारी खोली, आणि प्रत्येकाचा एकेक झडप-खटका. मी इंजिनियर. शिवाय महिनाभर रात्री जागून व्हिडिओ पाहिलेले. त्यामुळे तो जे सांगेल त्यावर मी "हो, हो, अर्थात" म्हणत होतो. बायकोने विचारलं, "गॅस कुठून बंद करायचा?" मी म्हटलं, "ते मी पाहून घेईन." सगळं फोनवर चित्रित करून ठेवल्यामुळे मी निर्धास्त होतो. परत येऊन पाहिलं तर आवाज स्वच्छ आला होता. चित्रात माझा अंगठा होता.

काळ्या पाण्याच्या टाकीबद्दल, म्हणजे संडासाच्या टाकीबद्दल, मी इथे काही लिहिणार नाही. वाचक कदाचित जेवत असतील.

परतीच्या वाटेवर बाल्टिमोर लागतं. तिथे बंदराखालून दोन मोठे बोगदे आहेत आणि प्रोपेनच्या मोठ्या टाक्या असलेल्या गाड्यांना त्यांत मज्जाव आहे. पूर्वी अशी वाहनं फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. मार्च २०२४ मध्ये मालवाहू जहाज धडकून तो पूल कोसळला. तेव्हापासून आमच्यासारख्यांनी शहराला पश्चिमेकडून वळसा घालायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. फोनमधल्या नकाशाला ठाऊक नव्हतं, आणि चालवताना मी ऐकत होतो नकाशाचं. बोगद्याआधीच्या पाट्या मीही वाचल्या, पण "आपल्याकडे मोठी टाकी आहे का?" हा प्रश्न ताशी ५५ मैलांच्या वेगात सोडवण्यासारखा नव्हता. बायकोने डॅशबोर्डखालची कागदपत्रं उलटीपालटी करून "आहे!" असं ओरडून सांगितलं, आणि मी शेवटच्या फाट्याला गाडी वळवली. मागे स्वयंपाकघराचे सगळे खण एकदम उघडले. प्रवासात खणांना कड्या लावायच्या असतात, हेही त्या मुलाने सांगितलं होतं म्हणे. अंगठ्यामागून तसा आवाज येतो.

मुलीच्या ड्राइव्हवेत गाडी लावली आणि सामान भरायला घेतलं. इथे आमच्या संसाराचा खरा इतिहास सुरू होतो.

आमच्या गाडीच्या दारापाशी एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून वजन १,३१० पौंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये. आमच्या गाडीचा सांगाडा भरल्या वजनाला जास्तीत जास्त १४,५०० पौंड पेलतो. रिकाम्या गाडीचं वजन वजा जाता जे उरतं ते आपलं. बोजा जास्त झाला तर टायर तापून फुटतात आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. मी वही काढली. ४० गॅलनची टाकी, गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे पाण्याचेच ३३२. मग माणसं. माझे मी १६८ लिहिले. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "१३० लिहा आणि पुढचं बोला." उरले ६८० पौंड, म्हणजे सुमारे ३०८ किलो. दोन माणसांना तीनशे किलो सामान म्हणजे रग्गड, असं म्हणून मी वही मिटली.

मग गाडीत काय काय गेलं! दोन कुकर, पोळपाट-लाटणं, बिडाचा तवा, सासूबाईंचा दगडी खलबत्ता, मिक्सर, वीस पौंडांची कणीक, तेवढाच तांदूळ, गोडा मसाला दोन वर्षांचा, देवघर, पेटी (माझी, तीव्र मध्यमाच्या पुढे मी कधी गेलो नाही, पण ग्रँड कॅन्यनच्या काठावर बसून वाजवायची होती), आणि १९९८ पासूनचे दिवाळी अंक. जॉन स्टाइनबेकने १९६० मध्ये अशाच एका गाडीतून, कुत्रा बरोबर घेऊन, अमेरिका पालथी घातली होती. गरजेपेक्षा कितीतरी जास्त सामान आपण भरलं होतं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. मी ते पुस्तक वाचलेलं होतं. तेही गाडीत घातलं.

अमेरिकेत हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात. गाडी काट्यावर न्यायची, खांबावरचं बटण दाबायचं, आणि खांब बोलतो. खांबाने विचारलं, "कंपनी?" मी म्हटलं, "रिटायर्ड." खांब थोडा वेळ गप्प. "ट्रक नंबर?" मागे अठरा चाकी ट्रकांची रांग लागलेली. मी घाबरून आमचा जुना घर क्रमांक सांगितला. आत जाऊन पावती घेतली. १५,०२० पौंड. परवानगीपेक्षा ५२० जास्त.

"तुझी भांडी," मी पावती नाचवत म्हटलं. "तो खलबत्ता. सांगत होतो."

बायको काही बोलली नाही. मुलीच्या बाथरूममधला वजनकाटा तिने ड्राइव्हवेत आणून ठेवला आणि वही माझ्याकडून काढून घेतली. पद्धत अशी ठरली की मी एकेक वस्तू कवेत घेऊन काट्यावर उभा राहायचं, ती आकडा वाचणार आणि त्यातून माझं वजन वजा करणार. समोरच्या घरातलं अमेरिकन जोडपं खुर्च्या टाकून बसलं. पहिली फेरी खलबत्त्याची. तिने वजाबाकी केली आणि भुवया उंचावल्या. "हा खलबत्ता चाळीस पौंडांचा कसा? अहो, तो खाली ठेवा आणि नुसतेच चढा बघू." मी नुसताच चढलो. १९४. म्हणजे गाडीवरचा २६ पौंडांचा अनधिकृत बोजा मी स्वतःच होतो. १६८ हा आकडा मुलगी शाळेत असतानाचा.

संध्याकाळपर्यंत वहीत लख्ख उजेड पडला. तिचं सगळं स्वयंपाकघर, धान्य धरून, १४८ पौंड. माझी हत्यारं, जॅक, साखळ्या, नळ्या आणि "गाडीतला बंद पडला तर असावा" म्हणून घेतलेला दुसरा जनरेटर मिळून २३१. यातली निम्मी हत्यारं कशासाठी असतात, असं तिने एकेक उचलून विचारलं. एका पान्याला मी अमेरिकेतलं एक राज्य पार करायला लागेल इतकं लांब उत्तर दिलं. तो पानाही उतरला.

पाणी आता पाव टाकीच भरायचं ठरलं, बाकीचं मुक्कामी पोचल्यावर. अनुभवी लोकही असंच करतात. दुसरा जनरेटर दुकानाने परत घेतला. पेटी मुलीकडे राहिली. खलबत्ता गाडीतच आहे. खांबापाशी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बायकोनेच बटण दाबलं आणि "प्रायव्हेट, आरव्ही" असं दोन शब्दांत काम संपवलं. १४,४६०.

पुढच्या आठवड्यात आम्ही साउथ डकोटाला निघतोय. घर नसलेल्या आमच्यासारख्यांना तिथे रीतसर रहिवासी होता येतं. टपाल सांभाळणाऱ्या सेवेचा पत्ता आणि राज्यात एक रात्र राहिल्याची पावती, एवढ्यावर लायसन्ससुद्धा मिळतं. राज्याचा प्राप्तिकर नाही. साताऱ्याच्या भावाला हे फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "एका रात्रीत? आमच्या तलाठ्याला पाठवू का बघायला?" नव्या लायसन्सवर वजन काय लिहायचं ते बायको काउंटरवर उभी राहून सांगणार आहे.

राहता राहिले दिवाळी अंक. वजन ६२ पौंड, अवस्था उत्तम, चारदोन पानांवर चिवड्याचे डाग. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या कुणाला हवे असतील तर फुकट देणे आहेत. मात्र येऊन न्यावे लागतील, आणि शुक्रवारच्या आत.