गृहभेट झाली, गाठभेट नाही

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता भेटतो. आशाताईंची वही आणि डॉक्टरांचा केसपेपर मात्र अजून भेटायचे आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं की ४२ दिवसांत सहा गृहभेटी. सगळ्या झाल्या तर ताईंना २५० रुपये. बाळ तापलं तर चिठ्ठी देऊन पाठवायचं. डॉक्टर काय म्हणाले, ते ताईंना बाळाच्या आजीकडून कळतं. (आजी ही आपली सर्वात जुनी समन्वय समिती.) गावातली बाई घरी जाऊन नवजात बाळं वाचवू शकते, हे गडचिरोलीच्या बंग दांपत्याने १९९९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. म्हणजे ती लंडनपर्यंत पोचली. तपासणीच्या खोलीत शिरताना तिला अजून ऐकावं लागतं, “ताई, बाहेर थांबा, पेशंटलाच आत पाठवा.”