सात दिवसांत खेड्याचा उद्धार: नवशिक्यांसाठी

अभिनंदन! राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिराच्या यादीत तुमचं नाव लागलं. परदेशातली मुलं गरीब देशांची सेवा करायला हजारो डॉलर भरून नेपाळ-केनियाला जातात. तुम्हाला तेच पुण्य गोंदियाच्या बसभाड्यात मिळतंय. समजा, शिबिर दवनीवाड्याला आहे. गावाची माहिती काढत बसू नका. त्याला तुमची गरज आहे, एवढं कळलं की पुरे.

१. सामानात पहिला बॅनर. फावडं विसरलं तर गावात उसनं मिळतं, बॅनर मिळत नाही. दुसरं स्वेटर: विदर्भातल्या थंडीच्या बातम्यांत गोंदियाचं नाव हमखास वर असतं, आणि मुक्काम शाळेच्या फरशीवर.

२. बिल्ला छातीवर दिसेल असा लावा. त्यावर कोणार्कचं रथचक्र आहे. आठ आरे म्हणजे आठही प्रहर सेवेला तयार. जेवणानंतरचा प्रहर यातून वगळायची पद्धत आहे. योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत सुरू झाली. 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचं तिचं ब्रीद आहे. सेल्फीत क्रम उलटा ठेवला तरी चालतो.

३. पहाटे प्रभातफेरी काढून गावाला जागं करा. बायांचं तोवर सडासारवण होऊन चूल पेटलेली असते. हरकत नाही, त्यांनाही जागं करा.

४. श्रमदान. इथे नवशिके गडबडतात, म्हणून सविस्तर सांगतो. हातपंपाजवळ शोषखड्डा ठरला की आधी रांगोळी, मग नारळ, मग पाहुणे. पहिली कुदळ पाहुणे मारतील आणि फोटो नीट येईपर्यंत तीच पुन्हा पुन्हा मारतील. नंतर ती तुमच्या हाती येईल. खड्डा मीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल हवा; तळाशी मोठे दगड, वर लहान. गुडघाभर खणलं की तळहाताला फोड येतात. अशा वेळी पारावरचे एखादे आजोबा उठून येतील, "सरक गा बाबू थोडा" म्हणतील आणि बघता बघता उरलेला खड्डा खणून देतील. त्यांना अजिबात थांबवू नका. ते माती झटकून विडी पेटवायला गेले की तुम्ही खड्ड्यात उतरा आणि फोटो काढून घ्या. चुकून आजोबाही त्यात आलेच, तर खाली 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग' लिहा.

(गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, रात्री कीर्तन करत आणि पुढच्या गावाला निघून जात. ना उद्घाटन, ना समारोप. तुम्ही असा निष्काळजीपणा करू नका. अहवालाला फोटो लागतात.)

५. सर्वेक्षण करताना भीड ठेवू नका. अनोळखी घराच्या दारात उभं राहून शौचालय आहे का, वापरता का, महिन्याची कमाई किती, असं खुशाल विचारा. हेच सगळं आधी ग्रामसेवकानं आणि आशाताईंनी विचारलेलं असतं, त्यामुळे उत्तरं तयार मिळतात. "अन् तुझ्या वडिलांची कमाई किती गा?" असं कुणी उलट विचारलंच, तर चहा संपवा आणि पुढचं घर गाठा.

६. बौद्धिकाला विषय घ्या 'धानशेती आणि पाण्याचा सुयोग्य वापर'. जिल्हा धानाचा आणि तलावांचा, तेव्हा श्रोत्यांना विषय थोडाफार ओळखीचा असतो. जिनं भर पावसात बांधीत वाकून रोवणी केली, त्या बाईला पुढच्या रांगेत बसवा आणि भात कसा लावतात ते पडद्यावर दाखवा. ती मान डोलावेल. घरी स्वयंपाक पडलाय, हे बिचारी सांगणार नाही.

७. समारोपाला थोडं रडा. 'या गावानं आम्हाला खूप शिकवलं' हे वाक्य म्हणा. काय शिकवलं, ते कुणी विचारत नाही. 'पुन्हा येऊ' असंही म्हणा, त्यालाही तारीख लागत नाही. दोन वर्षांत २४० तास आणि हे एक शिबिर भरलं की प्रमाणपत्राची सोय झाली. खड्डा पावसाळ्यात गाळानं भरला, तर पुढच्या तुकडीलाही काम मिळतं.

बसमध्ये चढण्याआधी फावडी आणि घमेली ज्याची त्याला पोचती करा. त्यांना उद्या कामावर जायचं आहे.